गोंदियाची विहीर, भंडाऱ्याचे जंगल आणि न्यायमूर्ती बोस

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल, जवळच डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची उघडी खाण आणि बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. गावाच्या नावाने वनपरिक्षेत्र आहे, त्यामुळे वनखात्याचा दरारा इथे लहानपणापासून कळतो. या भागातल्या माणसाला कोर्टात जावे लागते ते ठरलेल्या कारणांसाठी. धुऱ्याचे भांडण, भावाभावांतली वाटणी, जंगलातले लाकूड, दारूच्या भरात झालेली मारामारी. दाव्याची पेशी तुमसरला, मोठा खटला भंडाऱ्याला, अपील नागपूरला. तुमसर-भंडाऱ्यापर्यंत कामकाज मराठीत कळते. नागपूरला हायकोर्टात पाऊल ठेवले की भाषा इंग्रजी होते आणि ज्याचे प्रकरण तोच माणूस बाकावर मुका होऊन बसतो.

नदीपलीकडच्या बालाघाटच्या माणसाचे तसे नाही. त्याचे हायकोर्ट जबलपूरला, आणि तिथे १९७१ पासून हिंदीत बाजू मांडायला परवानगी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच प्रांतात होते, दोघांचे हायकोर्टही एकच, नागपूरचे. राज्य पुनर्रचनेत नदी सरहद्द झाली. एका काठाला पुढे आपली भाषा मिळाली, दुसऱ्याला अजून मिळालेली नाही.

ही तक्रार मांडण्यासाठी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगायला हवी. त्यांचे नाव व्हिवियन बोस. वकिलांना ते पाठ असते, कारण त्यांचे निकाल आजही रोज कोर्टात वाचून दाखवले जातात. पण त्यांतले दोन महत्त्वाचे निकाल याच भंडारा जिल्ह्याच्या मातीतून निघाले, हे भंडाऱ्यात किती जणांना ठाऊक असेल?

बोस यांचा जन्म ९ जून १८९१ चा, अहमदाबादचा. घराणे बंगाली, पण नागपूरचे होऊन गेलेले. आजोबा सर बिपिन कृष्ण बोस नागपुरातले नामांकित वकील. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हाचे ते पहिले कुलगुरू. नातवाचे शिक्षण इंग्लंडात झाले, आधी डलिच कॉलेज, मग केंब्रिजचे पेम्ब्रोक कॉलेज. १९१३ मध्ये मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर होऊन ते नागपूरला परतले आणि तिथेच वकिली सुरू केली. कलकत्ता किंवा मुंबई गाठून मोठे नाव कमावणे त्यांना अवघड नव्हते. ते मध्य प्रांतात राहिले. विसाच्या दशकात नागपूरच्या विद्यापीठ विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, नंतर सरकारी वकील झाले. मध्य प्रांतात तेव्हा हायकोर्ट नव्हते, ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. तिथेही त्यांनी काम केले.

जानेवारी १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले आणि पहिल्याच वर्षी बोस न्यायाधीश म्हणून बसले. नागपुरात सिव्हिल लाइन्समधली घुमटाची इमारत आज खंडपीठ म्हणून ओळखली जाते. तिचे उद्घाटन जानेवारी १९४० मध्ये झाले. भंडारा, चांदा, यवतमाळ, अमरावतीपासून रायपूर, बिलासपूर, जबलपूरपर्यंतची अपिले एका छताखाली यायची. धान पिकवणारा, कापूस पिकवणारा, मालगुजार, गोंड जमीनदार, खाणमजूर अशा साऱ्यांचे कागद त्या टेबलावरून गेले. तेरा वर्षे न्यायाधीश आणि नंतर १९४९ ते १९५१ मुख्य न्यायमूर्ती म्हणून बोस यांनी हा मुलूख कागदांतून वाचला. दिल्लीला जाताना त्यांनी बरोबर नेले ते हेच.

मधल्या काळात १९४२ चे ‘चले जाव’ आंदोलन येऊन गेले. त्या ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी गोळीबार केला. आष्टी आणि चिमूरच्या घटना तर साऱ्या देशाने ऐकल्या. माणसे पकडून खटल्याविना डांबली जात होती आणि भारत संरक्षण नियमांच्या आधारे सरकार म्हणत होते की पोलिसाला संशय आला एवढे पुरे आहे, कोर्टाने खोलात जाऊ नये. विमलाबाई देशपांडे यांनी आपल्या पतीच्या सुटकेसाठी नागपूर हायकोर्टात अर्ज केला. हायकोर्टाने सरकारचे म्हणणे मानले नाही. सरकार थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९४६ मध्ये तिथेही हरले. संशय वाजवी होता हे पटवून देण्याचा भार पकडणाऱ्या पोलिसावरच आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. युद्ध चालू असताना खुद्द इंग्लंडातल्या बहुसंख्य न्यायाधीशांनी सरकारचा शब्द प्रमाण मानला होता. त्या काळात विदर्भातल्या एका बाईच्या अर्जावर नागपूरने दाखवलेली छाती लहान नव्हती. ज्या कोर्टाने ही भूमिका घेतली त्याचे बोस एक न्यायाधीश होते, आणि स्थानबद्धाच्या अर्जात लक्ष घालण्याचा हक्क कोर्टाने सोडायचा नाही, हे त्यांचे मत पुढे दिल्लीतही पुसट झाले नाही.

मार्च १९५१ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना जेमतेम वर्षाची होती. त्याच वर्षी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या एस. कृष्णन विरुद्ध मद्रास राज्य या प्रकरणात त्यांनी सहकाऱ्यांपेक्षा वेगळे मत लिहिले. शब्दांचा कीस बाजूला ठेवून घटनेच्या गाभ्यात काय आहे ते पाहा, असे त्यांचे सांगणे होते. नव्याने आलेल्या न्यायाधीशाने इतक्या लवकर एकटे उभे राहणे सोपे नसते.

आता गोंदिया.

१९४९ मध्ये गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. भातगिरण्यांचे हे गाव, आणि काळ धान्याच्या टंचाईचा, नियंत्रणाचा. तांदूळ पॉलिश करायला कायद्याने बंदी होती. अन्नखात्याचा एक निरीक्षक, काश्मीरासिंग, गिरणीत तांदूळ पॉलिश करून घेताना सापडला. गोंदियाच्या अन्न अधिकाऱ्याने वर अहवाल पाठवला. काश्मीरासिंग आधी निलंबित झाला, मग नोकरीवरून गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १९४९ मध्ये, त्या अधिकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. प्रेत विहिरीत टाकलेले होते.

पाच वर्षांचे पोर आणि कारण बापाच्या प्रामाणिकपणाचा सूड. कोणत्याही गावाचे रक्त उसळावे अशी ही घटना. गुरुबचनसिंग नावाच्या दुसऱ्या आरोपीने कबुलीजबाब दिला आणि त्यात काश्मीरासिंगला मुख्य सूत्रधार म्हटले. दोघांना फाशी झाली. नागपूर हायकोर्टाने काश्मीरासिंगची फाशी कायम केली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५२ मध्ये निकाल लिहायची जबाबदारी बोस यांच्याकडे आली.

त्यांच्यासमोरचा प्रश्न असा होता. एकाच खटल्यात दोन आरोपी आहेत. एकाने कबुली देताना दुसऱ्याला गोवले. ती कबुली दुसऱ्याविरुद्ध किती चालते? पुरावा कायद्याचे कलम ३० म्हणत होते की न्यायालय ती विचारात घेऊ शकते. पण विचारात घेणे आणि तिच्यावर फाशी उभारणे यांत फरक आहे. कबुली देणाऱ्याची शपथ झालेली नसते, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि दुसऱ्याला बुडवून आपला भार हलका करण्याची इच्छा त्याला असू शकते. प्रिव्ही कौन्सिलने पूर्वी हे सांगितले होते. बोस यांनी त्याला कामाची रीत दिली. आधी कबुली पूर्णपणे बाजूला ठेवायची. बाकीचा पुरावा एकेक करून मांडायचा. त्यावर विश्वास ठेवला तर शिक्षा देता येते का, हे पाहायचे. येत असेल तर कबुलीची गरजच नाही. पुरावा तेवढा असूनही न्यायाधीशाच्या मनाला थोडी शंका उरत असेल, तेवढ्यापुरता कबुलीचा आधार घ्यायचा. कबुलीपासून सुरुवात करून बाकीचे तिच्यात बसवत जायचे, हे चालणार नाही.

या रीतीने तपासले तेव्हा काश्मीरासिंगने प्रेताची विल्हेवाट लावण्यात हात दिल्याचे सिद्ध झाले, खून सिद्ध झाला नाही. खुनाची शिक्षा आणि फाशी रद्द झाली. पुरावा नाहीसा करण्याच्या गुन्ह्यासाठी सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

गोंदियात त्या दिवशी लोक काय बोलले असतील याची कल्पना करता येते. मुलाच्या आईबापांना हा निकाल कसा पचला असेल, हे विचारण्याचे धैर्य होत नाही. तरीही निकाल बरोबर होता. बोस यांना मुलाच्या मरणाचे वाईट वाटले नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी एवढेच पाहिले की संताप हा पुरावा नाही आणि दुसऱ्या आरोपीचे तोंडही पुरावा नाही. आज देशात कुठेही पोलीस एका आरोपीच्या जबाबावरून दुसऱ्याला अडकवतात तेव्हा बचावाचा वकील उभा राहून काश्मीरासिंगचे नाव घेतो. पुरावा कायदा बदलला, नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, कलमाचा आकडा ३० चा २४ झाला. गोंदियाच्या विहिरीपाशी सुरू झालेली रीत मात्र तशीच चालू आहे.

दुसरी गोष्ट जंगलाची. नाकाडोंगरीच्या माणसाला ती गोंदियाच्या खटल्यापेक्षाही जवळची वाटावी.

१९४८ मध्ये भंडारा भागातल्या एका जमीनदाराने आपल्या जंगलातले इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि बांबू तोडून नेण्याचा हक्क कागद करून पत्नीला, शांताबाईंना दिला. रक्कम २६,००० रुपये, मुदत १९६० पर्यंत. कागदाला भाडेपट्टा म्हटले होते, पण त्याची नोंदणी केली नव्हती. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा लागू झाला. मालगुजारी, जमीनदारी संपली, जंगल सरकारचे झाले आणि वनखात्याने शांताबाईंची तोड बंद केली. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. माझा मूलभूत हक्क मोडला, असे त्यांचे म्हणणे.

प्रश्न वरवर किरकोळ. उभे झाड ही जंगम मालमत्ता की स्थावर? जंगम असेल तर कागद नोंदवायची गरज नाही. स्थावर असेल तर नोंदणीशिवाय तो हक्क उभाच राहत नाही. कायद्यात उभ्या इमारती लाकडाला स्थावरातून वगळले आहे, मग झाडाला का नाही, असा युक्तिवाद. २४ मार्च १९५८ च्या निकालात बोस यांनी स्वतंत्र मत लिहिले आणि त्यात जंगल ओळखणाऱ्या माणसासारखा विचार केला. जे झाड आता तोडायचेच आहे, तोडण्याजोगे झाले आहे आणि थोड्याच काळात तोडले जाणार आहे, ते उभे असले तरी लाकूडच. जे झाड अजून वर्षानुवर्षे जमिनीतून रस ओढणार, वाढणार, फळे देणार, ते जमिनीचाच भाग. बारा वर्षे झाडे तोडत राहण्याचा हक्क म्हणजे पुढची कित्येक वर्षे मातीवर पोसणाऱ्या झाडांचा हक्क. तो स्थावर आहे, त्याला नोंदणी लागते. शांताबाईंची याचिका फेटाळली गेली.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल शिकावा लागतो. दिल्ली, चेन्नई, गुवाहाटीचे विद्यार्थी शांताबाईंचे नाव पाठ करतात. ज्या जंगलाची ही गोष्ट त्याच्या कडेला राहणाऱ्यांना, मोहाच्या झाडाखाली पहाटे टोपली घेऊन बसणाऱ्यांना, तेंदूपत्त्याची पुडकी बांधणाऱ्यांना तो कोणी सांगितलेला नाही.

आणि बिडी? भंडारा-गोंदियात तिच्यावर कितीतरी घरांची चूल पेटली. १९५६ मध्ये बिडी सप्लाय कंपनी विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ही कंपनी कलकत्त्याची. तिचे आयकराचे प्रकरण काही न विचारता, कारण न देता एका हुकमाने रांचीला हलवले होते. सरकार म्हणत होते, यात एवढे काय? बोस यांनी स्वतंत्र मत लिहून सांगितले की राज्यघटना फक्त सरकारांसाठी, राजकारणी लोकांसाठी आणि वकिलांसाठी नाही, ती सामान्य माणसासाठी आहे, गरिबासाठी आहे, लहानसहान धंदा करून पोट भरणाऱ्यासाठी आहे. घर आणि दुकान एका गावात आणि कज्जा दुसऱ्या प्रांतात, याचा त्रास काय असतो हे हुकूम काढणाऱ्याला कळले नव्हते, निकाल लिहिणाऱ्याला कळले होते.

याच जातीचा त्यांचा १९५५ चा निकाल म्हणजे संग्रामसिंग विरुद्ध निवडणूक लवाद, कोटा. प्रकरण राजस्थानातले, निवडणुकीचे. एका पेशीला हजर राहिला नाही म्हणून लवादाने प्रतिवादीला पुढच्या पेशीतही भाग घेऊ दिला नाही. बोस म्हणाले, गैरहजेरी त्या दिवसापुरती. त्या दिवशी जे झाले ते त्याच्या पाठीमागे झाले, पण तो पुढच्या तारखेला आला तर तिथून पुढे त्याला बोलू दिले पाहिजे. कार्यपद्धतीचे नियम न्याय सोपा व्हावा म्हणून असतात, माणसाला पाय अडकून पाडण्यासाठी नसतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, एसटी आली नाही, तुमसरला पोहोचेपर्यंत पुकारा होऊन गेला, हे ज्याच्या बाबतीत घडले आहे त्याला या निकालाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. दिवाणी कामाचे वकील याच निकालाच्या जोरावर पुढच्या तारखेला आपल्या अशिलासाठी उभे राहतात.

मराठी नावांचा एक निकालही इथे आठवायला हवा. पांडुरंग, तुकिया आणि भिल्लिया विरुद्ध हैदराबाद राज्य, १९५४. एका शेतकऱ्यावर पाच जणांनी हल्ला केला, तो मेला. हायकोर्टातल्या न्यायाधीशांत मतभेद होते. पाचही जण तिथे होते म्हणून पाचही जणांचा हेतू एक होता असे धरायचे का? बोस यांनी सांगितले की सारखा हेतू आणि समाईक हेतू यांतली भिंत केसाएवढी पातळ असेल, पण ती आहे. प्रत्येकाने काय केले हे वेगळे तपासले पाहिजे. पांडुरंगची फाशी गेली आणि गंभीर दुखापतीची शिक्षा उरली. इतर दोघांचीही फाशी जाऊन जन्मठेप झाली, कारण हायकोर्टाच्या न्यायाधीशांतच शिक्षेवर एकमत नसताना माणसाला फासावर चढवणे त्यांना योग्य वाटले नाही. गावच्या मारामारीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे फिर्यादीत घालण्याची जुनी सवय आहे. तिच्यावर यापेक्षा नेमका उतारा दुसऱ्या निकालात सापडणार नाही.

बोस जून १९५६ मध्ये पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांना पुन्हा बोलावले आणि ते १९५८ पर्यंत बसले. शांताबाईंचा निकाल या दुसऱ्या फेरीतला. त्याच महिन्यात, ११ मार्च १९५८ ला, त्यांनी विरसासिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल दिला. भाल्याचा एकच वार पोटात, माणूस मेला. मारायचे नव्हते, असा बचाव. बोस यांनी चार पायऱ्या घालून दिल्या. दुखापत आहे का, कशी आहे, तीच दुखापत करायचा हेतू होता का, आणि नेहमीच्या क्रमाने मरण यायला ती पुरेशी होती का. यांतली फक्त तिसरी पायरी माणसाच्या मनाशी बांधलेली, बाकीच्या तीन वस्तुस्थितीवरून तपासायच्या. दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली तरी सत्र न्यायालये खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक याच पायऱ्या चढून ठरवतात.

निवृत्तीनंतर दालमिया-जैन उद्योगांची चौकशी त्यांच्याकडे आली. आयोगाचे मूळ अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर. ते वारल्यावर बोस यांनी काम पुरे केले आणि १९६२ मध्ये अहवाल दिला. देशातल्या बड्या उद्योगपतीच्या हिशेबांची इतकी कसून झडती त्याआधी झालेली नव्हती. १९५९ ते १९६६ या काळात ते इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्सचे अध्यक्ष होते. स्काउट चळवळीत त्यांनी आयुष्यभर काम केले. पत्नी आयरीन अमेरिकन, शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या जॉन मॉट यांची मुलगी. भारतातल्या खेड्यातल्या एका मुलावर तिने ‘तोताराम’ नावाचे पुस्तक लिहिले.

एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी जबलपूरच्या प्रकरणात सांगितले की स्थानबद्ध माणूस कोर्टाचे दारही ठोठावू शकत नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले, १९५१ मध्ये बोस उभे राहिले होते तसे. बोस तेव्हा ८४ वर्षांचे होते. २९ नोव्हेंबर १९८३ ला बंगळूरमध्ये त्यांचे निधन झाले.

न्यायाधीशाचे चरित्र पदांच्या यादीत सापडत नाही, ते निकालांत असते. आणि बोस यांचे निकाल इंग्रजीत असूनही साध्या माणसाला समजतील असे आहेत. वाक्ये छोटी, लॅटिन नावापुरते. घटना काय घडली हे ते आधी गोष्टीसारखे सांगतात, मग कायद्याकडे वळतात. ज्याने सामान्य माणसासाठी इतके सरळ लिहिले, त्याचे लिहिणे त्या सामान्य माणसाच्या भाषेत नसावे, ही गोष्ट टोचते.

ती का टोचते याचे उदाहरण जुने नाही. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये ती रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि जातीय अत्याचाराचा कायदा लागू होत नाही हे मत कायम ठेवले. त्या निकालावर सारा महाराष्ट्र पेटून बोलला. अनेकांना तो अन्यायाचा वाटला, आजही वाटतो, आणि त्या वाटण्याला भक्कम कारणे आहेत. पण तो निकाल वाचून बोललेले किती होते? जिल्ह्याने आपल्या सर्वांत मोठ्या जखमेवरचा निकाल बातम्यांतून आणि भाषणांतून ऐकला. सगळे गमावून बसलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले. निकालावर टीका करायची तर तो वाचता आला पाहिजे, आणि मान्य करायचा तरी वाचता आला पाहिजे.

मार्ग नाही असे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ च्या दुसऱ्या खंडात तो लिहून ठेवला आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल हायकोर्टाच्या कामकाजात राज्याची भाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. राजस्थानला ती १९५० मध्ये मिळाली, उत्तर प्रदेशला १९६९ मध्ये, मध्य प्रदेशला १९७१ मध्ये, बिहारला १९७२ मध्ये. तमिळनाडू, गुजरात, पश्चिम बंगाल, कर्नाटक, छत्तीसगड यांनी आपापल्या भाषेसाठी मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी २०१२ मध्ये ती नाकारली. नाकारली गेली, पण त्यांनी मागितली तरी. महाराष्ट्राने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना २१ जुलै १९९८ ला काढली आणि हायकोर्टाच्या दारात येऊन हा रेटा ओसरला.

विरोधातला युक्तिवाद असा की न्यायाधीशांच्या बदल्या देशभर होतात, कायद्याची पुस्तके इंग्रजीत आहेत, मुंबईत नाना भाषांचे अशील येतात. यात तथ्य आहे. पण जबलपूरलाही बाहेरचे न्यायाधीश येतात आणि तिथले काम बंद पडलेले नाही. इंग्रजी काढून टाका असे कोणी म्हणत नाही. मराठीत बोलायचे असेल त्याला बोलू द्या, निकालाचा मराठी तर्जुमा त्याच्या हाती द्या, एवढेच मागणे आहे. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालय आपले निवडक निकाल मराठीतही देऊ लागले आहे. म्हणजे दिल्लीला जमते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे सोहळेही झाले. अभिजात भाषेत आपल्या जामिनाचा हुकूम वाचता येत नसेल तर तो दर्जा नाकाडोंगरीपर्यंत पोहोचला असे म्हणता येणार नाही.

राज्य सरकारने अनुच्छेद ३४८ खाली मराठीचा प्रस्ताव पाठवावा आणि तो लावून धरावा. तोवर भंडारा, गोंदिया आणि तुमसरच्या वकिलांनी एक काम हाती घ्यावे. काश्मीरासिंग आणि शांताबाई हे दोन निकाल मराठीत उतरवावेत, छापावेत आणि तालुक्याच्या कोर्टाच्या बाररूममध्ये, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, नाकाडोंगरीच्या शाळेत ठेवावेत. निकाल सार्वजनिक आहेत, कोणाची परवानगी काढावी लागत नाही. तर्जुमा करू शकणारी माणसे याच जिल्ह्यात कोट घालून रोज कोर्टात जात आहेत.